तीन खटके

सकाळी नऊची पहिली फेरी माणसांची नसते.
पाणी भरलेले बुटके पुतळे, डोकं नसलेले,
प्रत्येकी पंचाहत्तर किलो.
त्यांच्याही मांडीवर मी दांडा दाबते,
त्यांच्यासाठीही मोजते. एक. दोन. तीन.
ते ओरडत नाहीत.
परत येतात तेव्हा मात्र आतलं पाणी
बराच वेळ हलत असतं.

हिंगण्याची एमआयडीसी ओलांडली की डाव्या हाताला
पिवळी गाडी, काळे पट्टे, तोंडाशी वाघ.
मे महिन्यात बारा ते चार बंद,
दांडा इतका तापतो की तळहात सोडत नाही.
बाकीचे दिवस, फलाटावर,
बिल्ल्यावर नाव: कुंदा पराते.

बाबांच्या मागाला, कापड गुंडाळायच्या तुरीवर,
एक दातेरी चाक होतं
आणि त्यात अडकणारी लोखंडी जीभ.
बाबा तिला कुत्रा म्हणायचे.
कुत्रा दातात बसला की कापड पुढेच जातं,
विणलेलं परत उसवायला येत नाही.
ट्रेनिंगला आलेल्या इंजिनियरनं
त्याला काहीतरी वेगळं नाव सांगितलं.
मी मान हलवली. आवाज तर तोच होता.

चेहरे मला आठवत नाहीत.
हाताला आठवतात खिशातल्या किल्ल्या,
गोळा केलेल्या निऱ्या,
परीक्षा संपलेल्या पोट्ट्यांच्या काटकुळ्या मांड्या.
तर्री-पोहे हाणून आलेले वासावरून कळतात,
त्यांना मधल्या डब्यात घालते.
पुढच्या डब्यात बसणारे स्वतःला शूर समजतात.
खरं उचलणं मागच्या डब्यात असतं,
हे मी कुणी विचारल्याशिवाय सांगत नाही.

गेल्या रविवारी उमरेडकडचा एक माणूस,
अंगात वेकोलिचा शर्ट, शेजारी बायको, पुढे मुलगी.
एक. दोन.
तिसरा खटका येईना.
श्वास सोडा, म्हटलं. सोडला.
अजून सोडा.
तो हसला, मग हसायचा थांबला.
रांगेतून कुणीतरी म्हणालं, कायले बसले बाप्पा,
आणि चाळीस डोळे त्याच्या पोटावर.

मी दांडा वर केला, जोरात म्हटलं,
भाऊ, ह्या सीटचा कुत्रा बिघडला हाय,
तुमी माह्याजवळ उभे राहा.
त्याला कळलं.
त्याला कळलं हे मलाही कळलं.
तो उतरला,
बायकोची पर्स, चष्मा, मुलीची एक चप्पल
छातीशी धरून उभा राहिला.

गाडी साखळीवर चढत होती, कटकट कटकट,
तेव्हा त्यानं विचारलं,
नेमकं कसं वाटते जी, वरतं?

काय सांगणार.
म्हटलं, सीट आधी पडते, माणूस जरा उशिरा.
मधे बोटभर जागा होते.
त्या बोटभर जागेत पोट मागे राहते,
किराया मागे राहते, साहेबाचा फोन मागे राहते.
अंगाले कायबी लागत नाही,
फकस्त मांडीवर तो दांडा.
त्या बोटभराचेच सहाशे रुपये.

आणि दांडा नसला तं?

मी उत्तर दिलं नाही.
तोही वर बघत राहिला.
गाडी शिखरावर क्षणभर अडखळली,
वाघाचं तोंड खाली वळलं,
आणि इथे, सिमेंटच्या फलाटावर,
त्याचे गुडघे वाकले.
एक हात कठड्यावर, बोटं पांढरी.
चप्पल खाली पडली, ते त्याला दिसलं नाही.
मुलीचा आवाज इतक्या आवाजांतून
त्यानं वेगळा काढला.
ते मला त्याच्या मानेवरून दिसलं.

मग ब्रेक. धूळ. हसू. कुणाचं तरी रडू.
गाडी माझ्यासमोर येऊन थांबते,
मी पायाखालचा पेडल दाबते,
सगळे कुत्रे एकदम दात सोडतात,
दांडे वर जातात.

आणि दर वेळी, कुणीही असो,
पोट्टे असोत, म्हातारी असो,
तो रविवार असो नाहीतर कोरडा मंगळवार,
मोकळं झाल्यावर
एक क्षण
कुणीच उठत नाही.